पेट्रोल १२० वर: घरातली कोणती हौस कापली, कोणती ठेवली? (ठाणे-नवी मुंबई)

मासुंदा | ६ एप्रिल २०२२, रात्री ९:३५

२२ मार्चपासून आजपर्यंत सोळा दिवसांत चौदा वेळा पेट्रोल वाढलं. दिवाळीपासून मुंबईत १०९.९८ वर थांबलेला आकडा आज १२०.५१ आहे, डिझेल १०४.७७. आपल्याकडे त्याच्याच मागेपुढे. रोज ऐंशी पैसे वाढतात म्हणून कोणी फार बोलत नाही, पण पंधरवड्यात लिटरमागे दहा रुपये गेले.

आमचं घर मानपाड्याला, नवऱ्याचं ऑफिस महाप्याला. दोन वर्षं घरूनच काम चाललं होतं, गाडी सोसायटीत धूळ खात उभी. या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस बोलावलंय. मी वर्तकनगरला शाळेत शिकवते, स्कूटरने जाते. घरात सासूबाई आहेत, मुलगी सातवीत. नवऱ्याचा लॉकडाऊनमध्ये कापलेला पगार आत्ता कुठे पहिल्यासारखा झालाय.

काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. पेट्रोल लिहिलं, गॅस लिहिला (आमच्याकडे पाइपचा गॅस नाही, सिलिंडर २२ मार्चलाच पन्नासने वाढून ९४९.५० झाला), तेल लिहिलं. यात हात घालायला जागाच दिसेना. मग पेन खालच्या ओळींकडे वळलं. रविवारची मिसळ. मुलीचा कथकचा क्लास. माझी राम मारुती रोडची फेरी. डोंबिवलीला आईकडे जाणं. आणि सासूबाईंचं महिन्यातून एक नाटक, गडकरीला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "माझं नाटक काढ आधी, मला काय, टीव्ही आहे." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला लागलं. दोन वर्षं नाट्यगृहं कधी बंद, कधी अर्धी. आता कुठे त्यांच्या मैत्रिणी पुन्हा जमायला लागल्यात. ओळ खोडली नाही, पण वही तशीच उघडी आहे.

तुम्ही काय करताय ते मनापासून सांगा. ऑफिस नवी मुंबईत आणि घर ठाण्यात, किंवा उलट, असं असणाऱ्यांचे अनुभव जास्त हवेत. आकड्यांसकट सांगितलंत तर फार बरं.

---

ऐरोली_से५ | ६ एप्रिल, रात्री १०:१०

ताई, राग मानू नका. गाडी घेतली की पेट्रोल आलंच. महाप्याला जायला रेल्वे आहे. मिसळ आणि नाटक कापायची वेळ गाडीमुळे येत असेल तर आधी गाडीचाच विचार करा.

---

मासुंदा | ६ एप्रिल, रात्री १०:२२

राग नाही. गाडी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी घेतली होती, दवाखान्याच्या फेऱ्या असतात. पण रोज ऑफिसला तीच न्यायला हवी का, हा प्रश्न बरोबर आहे. रेल्वेचं कोणी नीट सांगेल का? मानपाड्याहून स्टेशन गाठण्यातच अर्धा जीव जातो असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

---

हिशेबनीस | ६ एप्रिल, रात्री ११:०५

मासुंदाताई, तुमच्या वहीत "पेट्रोल" ही एकच ओळ आहे, अडचण तिथेच आहे. तिच्या तीन ओळी करा. पहिली, जावंच लागतं असं अंतर. दुसरी, गाडी उभी असताना जळणारं. तिसरी, "जरा जाऊन येते" असं म्हणून जळणारं. घोडबंदरवर दुसरी ओळ भलतीच मोठी निघते. मेट्रोच्या खांबांसाठी पत्रे लावल्यापासून कापूरबावडी ते माजिवडा गाडी किती वेळ नुसती घुरघुरत उभी असते ते बघा. लहान गाडीचं इंजिन तासभर जागेवर चालू राहिलं तर साधारण अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला की वरच्या बाजूला.

रस्त्याचाही हिशेब आहे. ऐरोली पुलावरून गेलात तर टोल, गाडीला ४० रुपये. कळवा-विटाव्यावरून गेलात तर टोल नाही, पण विटाव्याच्या पुलाखाली जी रांग लागते त्यात टोलाचे पैसे धुरातून जातात. दोन्ही वेळा काटा बघून ठरवा.

भाव का वाढला हे थोडक्यात. आजच्या १२०.५१ मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क २७.९०. दिवाळीला पाच रुपये कमी केल्यानंतरचं हे. त्याआधी मे २०२० मध्ये कच्चं तेल पार झोपलं होतं तेव्हा एका रात्रीत पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये चढवले होते. राज्याचा व्हॅट आपल्याकडे २६ टक्के, वर लिटरमागे १०.१२. हा व्हॅट शुल्कासकट रकमेवर बसतो, म्हणजे करावर कर. मी मांडून पाहिलं, व्हॅट साधारण ३२.९० येतो. दोन्ही मिळून साठच्या वर, म्हणजे निम्मी रक्कम कर. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे हे असंच चालतं.

एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला २६ टक्के, उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला २५. त्या एका टक्क्याचे लिटरमागे साधारण ८८ पैसे आपण जास्त देतो. तरी परभणीकरांना आपल्यापेक्षा महाग पडतं, कारण डेपो लांब आणि टँकरचं भाडं वेगळं.

कच्च्या तेलाचं म्हणाल तर आपण ८५ टक्के बाहेरून आणतो. युक्रेनचं युद्ध २४ फेब्रुवारीला सुरू झालं आणि ७ मार्चला ब्रेंट (जागतिक बाजारातलं कच्चं तेल) पिंपामागे १३९ डॉलरला टेकलं. नोव्हेंबरपासून १३७ दिवस आपल्याकडे भाव हलला नव्हता, तेव्हाचं तुंबलेलं आता एकदम बाहेर येतंय.

---

व्यवस्थापक | ७ एप्रिल, सकाळी ८:००

करांची माहिती चालेल. कोणत्या पक्षाने काय केलं यावर वेगळा धागा आहे, तिकडे लिहावं. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

---

ट्रान्सहार्बर | ७ एप्रिल, सकाळी १०:४०

मी कासारवडवलीहून रबाळ्याला जातो. करोनाआधी रेल्वेने जायचो, आता परत सुरू केलंय. ताईंच्या यजमानांना जसं करावं लागेल तसंच लिहितो.

मानपाड्याहून टीएमटीने स्टेशन. शेअर रिक्षाही मिळते, पण बस आली तर बसच घ्या. पश्चिमेला उतरायचं, पूल चढून थेट ९-१० नंबरला. पनवेलची असो की वाशीची, कोणतीही चालते, दोन्ही कोपरखैरण्याला थांबतात. ऑफिस महाप्याच्या कोणत्या टोकाला आहे त्यावर घणसोली की कोपरखैरणे ते ठरवा. पुढे शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची (नवी मुंबईची) बस. सकाळी गाडीत चढायला मिळतं, बसायला मिळेलच असं नाही. संध्याकाळी मात्र वाशीकडून येणारी गाडी कोपरखैरण्याला येईपर्यंत भरलेली असते, तेव्हा दारातून आत सरकून घ्यायचं, ऐरोलीला बरीच मंडळी उतरतात.

दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास तुमच्या गाडीच्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, ट्रॅफिकमध्ये लिटरला बारा, म्हणजे दिवसाचे चारशे. पास त्याच्या आत. तीन दिवसच जायचं असलं तरी पासच काढा, खिडकीवर रांग नको.

वेळ जास्त जातो हे खरं. दारातून दारात पाऊण तासाचे सव्वा-दीड तास होतात. मी ट्रेनमध्ये वाचतो. माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी गाडीने जात होतो तेव्हा घरी येऊन अर्धा तास कोणाशी बोलायचो नाही, आता बोलतो. घोडबंदरचं ट्रॅफिक डोक्यात घेऊन घरी येणं हाही खर्चच आहे, तो वहीत येत नाही.

---

कळवा_स्टँड | ७ एप्रिल, दुपारी ३:१५

मी रिक्षा चालवतो. माझा भाचा हा धागा वाचत होता, त्याने दाखवला. रिक्षावाल्याचंही कोणीतरी लिहावं म्हणून लिहितो.

१ एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला. ६६ चा भाव ६० झाला. पाडव्याला आम्ही स्टँडवर पेढे वाटले, खोटं सांगत नाही. काल ६ तारखेला ६७ झाला. सरकारने दिलेले सहा रुपये पाच दिवस टिकले आणि वर एक रुपया गेला. भाचा सांगतो, देशातल्या गॅसचा दरच केंद्राने १ तारखेपासून दुपटीहून वर नेला, २.९० डॉलरवरून ६.१० वर. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं.

मीटर अजून २१ वरच आहे, मागच्या वर्षी मार्चमध्ये झालेलं. लोक म्हणतात रिक्षावाले माजलेत, जवळचं भाडं घेत नाहीत. काही जण तसं वागतात, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण पंपावर काय होतं ते सांगतो. रांगेत तासभर उभं राहायचं, नंबर आला की प्रेशर नसतं. टाकी भरत नाही, नळी लावलेली असते, काटा हलत नाही, मागचा हॉर्न वाजवतो. जेवढा भरला तेवढा घेऊन निघायचं आणि दुपारनंतर परत रांगेत. त्या वेळात तीन भाडी झाली असती. कळव्याचा तिसरा पूल होईपर्यंत पुलावर अडकणं वेगळंच.

आता हौसेचं. माझ्याकडे हौस म्हणजे सकाळचा चहा आणि वडापाव स्टँडवर, आणि मुलाला रविवारी तलावपाळीला नेणं. चहा चालू आहे. वडापावच्या जागी घरून पोळी आणतो. तलावपाळी बंद केलेली नाही, तिथे नुसतं फिरायला पैसे लागत नाहीत. बोटीत बसवायचं मात्र परीक्षेनंतर असं सांगितलंय.

एक बदल दिसतो तो सांगतो. स्टेशनला शेअरने जाणाऱ्या बायका होत्या ठरलेल्या, त्यातल्या बऱ्याच आता चालत जातात. मला त्या दिसतात, हात करत नाहीत, मान खाली घालून जातात. मी पण हॉर्न वाजवत नाही.

---

मासुंदा | ७ एप्रिल, रात्री ९:००

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. शेवटचं वाचून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

ट्रान्सहार्बर, खूप आभार. तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. सोमवारी प्रयोग.

---

कोपरखैरणे_डबा | ८ एप्रिल, सकाळी ११:२०

माझा पोळीभाजीचा व्यवसाय आहे, घरगुती डबे. आमच्यासाठी इंधन म्हणजे पेट्रोल नाही, गॅस. १९ किलोचा सिलिंडर १ तारखेला एकदम अडीचशेने वाढला, मुंबईचा भाव २२०५. सूर्यफुलाचं तेल युक्रेनमधून यायचं, ते वाढलं म्हणून बाकीचीही तेलं वाढली. लिंबू दहा रुपयाला एक. एपीएमसीत ओळखीचा व्यापारी आहे, तो म्हणतो ताई, माल कमी आहे आणि गाडीभाडं डिझेलवर, मी तरी काय करू.

डब्याचा दर मी वाढवलेला नाही. घणसोली-महाप्यात एकटी राहणारी मुलं आहेत, त्यांचीही ऑफिसं आत्ताच उघडलीत. वाढवला की ती डबा बंद करून वडापाववर राहतील. म्हणून आत काय करता येतं ते केलं, इथे लिहिते, कोणाला घरीही उपयोगी पडेल.

डाळ रात्रीच भिजवते. तूरडाळीला भिजवायची गरज नाही म्हणतात, पण भिजवली तर दोन शिट्ट्यांत होते आणि गॅस बंद केल्यावर कुकरच्या वाफेवर उरलेली शिजते. कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी, डाळ, भात, वर बटाटे किंवा बीट. पोळ्यांना दोन तवे एका वेळी, मधली शेगडी मोकळी ठेवायची नाही. भाजीवर झाकण आणि झाकणात पाणी, ते पाणी गरम होतं तेच आमटीला. बर्नर दर आठवड्याला सुईने साफ. ज्योत पिवळी दिसली की समजायचं पैसे जळतायत.

लिंबाची फोड बंद केली, त्याऐवजी कैरीची फोड देते. मुलांनी उलट कौतुक केलं. कोकम आहेच.

आणि एक गोष्ट कापली नाही. शुक्रवारी डब्यात काहीतरी गोड असतं. शेवयांची खीर, कधी शिरा. नवरा म्हणाला बंद कर. मी म्हटलं ते बंद केलं तर डबा नुसतं पोट भरायला राहील. एका मुलाने मागे निरोप पाठवला होता, काकू शुक्रवार असला की घरची आठवण येत नाही. तो निरोप मी ठेवलाय.

---

नेरुळ_काका | ८ एप्रिल, संध्याकाळी ५:५०

वय ७१, पेन्शनवर आहे. आमच्या पिढीने १९७३ सालची तेलाची टंचाई पाहिली, रॉकेलच्या रांगा पाहिल्या. त्यामानाने आज पुष्कळ बरं आहे. तरीही महागाई पेन्शनवाल्याला लागते तशी कोणाला लागत नाही, कारण आमचं उत्पन्न वाढवायला हात उरलेला नसतो.

मी काय केलं सांगतो. दोन वर्तमानपत्रांचं एक केलं, दुसरं शेजाऱ्यांशी अदलाबदल. स्कूटर मुलाला देऊन टाकली. बाजारहाट पायी. मंडईत संध्याकाळी उशिरा जातो, भाजी पडत्या भावात मिळते. पुस्तकं विकत घेणं बंद केलं. ठाण्यातले असाल तर मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हा. १८९३ पासूनची संस्था आहे.

हापूस. दरवर्षी पेटी यायची. डिसेंबरच्या पावसाने मोहोर गळाला, माल उशिरा आणि कमी, वर कोकणातून यायचं गाडीभाडं. यंदा पेटी नाही, डझन. मे महिन्यात उतरल्यावर. नातवंडांना अख्खा आंबा एकेक आणि आम्हा दोघांना आमरस वाटीभर. तेवढं झालंच पाहिजे, त्यावर तडजोड नाही.

मासुंदा, तुमच्या सासूबाईंचं नाटक खोडू नका. आमच्या वयात घराबाहेर पडायला कारण लागतं. कारण गेलं की माणूस खुर्चीत बसतो आणि मग उठत नाही. पुढे दवाखान्याला लागतं ते नाटकाच्या तिकिटापेक्षा जास्त.

---

घोडबंदर_ईव्ही | ९ एप्रिल, दुपारी १२:३०

मी फेब्रुवारीत इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. चार्जिंगचा खर्च पेट्रोलच्या मानाने किरकोळ आहे. पण सोसायटीकडून चार्जिंगचा पॉइंट मिळवायला तीन सभा लागल्या, आणि मार्चअखेर पुण्यात एक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आल्यावर पुन्हा सगळे बिथरले. घेणार असाल तर आधी सोसायटीचं लेखी पत्र घ्या, मगच पैसे भरा.

---

रात्रपाळी | १० एप्रिल, रात्री १:२०

मी जेवण पोचवायचं काम करतो, ठाण्यात. बाइक माझी, पेट्रोल माझं. ऑर्डरमागे पैसे मिळतात, ते पेट्रोल १०० होतं तेव्हा जवळपास जेवढे होते तेवढेच आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पातलीपाड्याहून ऑर्डर उचलायची आणि ओवळ्याला द्यायची, परत येताना रिकामं. रिकामं येणं कोणी मोजत नाही. म्हणून आम्ही सात-आठ पोरं आता एका ठिकाणी उभे राहतो, हिरानंदानीच्या बाहेर, इंजिन बंद. आधी हॉटेलं शोधत फिरायचो. टायरमध्ये हवा दर दोन दिवसांनी बघतो, त्याने खरंच फरक पडतो. उतारावर न्यूट्रल करू नका, ब्रेक जातात. चाळीस-पन्नासच्या वर गाडी नेत नाही, मागून कितीही फोन आले तरी.

तुम्ही सगळे हौस कापताय ते बरोबर आहे, माझ्या घरी पण कापतात. पण ती आमची ऑर्डर असते. तक्रार करत नाही, फक्त सांगतो. मागवायचं असेल तर दोन घरांनी मिळून एकदम मागवा, आणि जवळच्या हॉटेलातून. गेटवरून वर बोलावण्यापेक्षा खाली आलात तर माझी दहा मिनिटं वाचतात, त्यात पुढची ऑर्डर मिळते.

---

ऐरोली_से५ | १० एप्रिल, सकाळी ९:४५

रात्रपाळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं हे टाकलं. खाली येऊन घ्यायचं असं ठरलंय.

---

कळवा_स्टँड | १३ एप्रिल, दुपारी २:००

आजपासून सीएनजी ७२. बारा दिवसांत ६० चे ७२. मी दिवसाला पाचेक किलो भरतो, म्हणजे रोजचे साठ रुपये. घरी सांगितलेलं नाही अजून.

---

हिशेबनीस | १३ एप्रिल, दुपारी ४:३०

दादा, संघटनांनी भाडेवाढीची मागणी केली आहे, पण तिचा निर्णय होईपर्यंत महिने जातात, आणि झाला की शेअरवाल्या बायका आणखी चालतील. दोन्हीकडून कात्रीत तुम्हीच. वीकडेजला कळवा-ऐरोली ठरलेले प्रवासी मिळतात का पहा, रिकामी फेरी वाचते. आणि घरी सांगा. एकट्याने हिशेब करू नका.

---

मासुंदा | १७ एप्रिल, सकाळी १०:१५

आमचा पहिला आठवडा.

नवरा सोमवारी ट्रेनने गेला. पहिल्या दिवशी चुकीच्या बाजूच्या पुलाने वळसा पडला, वैतागून फोन केला. बुधवारी गप्प होता. गुरुवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. शुक्रवारी गुड फ्रायडे. त्यामुळे आठवडा खरा मोजता येणार नाही, पण पास काढलाय, म्हणजे माघार नाही. मंगळवारी गाडी नेली, तेव्हा ब्रह्मांडचा त्याचा सहकारी आणि पातलीपाड्याची एक मुलगी बरोबर होती. पेट्रोल तिघांत वाटलं. तिघांनाही ऑफिसचा वेळ सारखा, हे दोन वर्षांपूर्वीही सारखंच होतं, तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

मी स्कूटरचा हिशेबनीसांच्या तीन ओळींप्रमाणे कागद केला. तिसरी ओळ बघून हबकले. शाळेतून आल्यावर भाजीला, मग कोथिंबीर राहिली म्हणून परत, मग मुलीला क्लासला सोडायला, मग आणायला. आता भाजी शाळेतून येतानाच, आणि क्लासला मुलगी मैत्रिणीबरोबर चालत जाते. एकदा मी सोडते, एकदा मैत्रिणीची आई आणते. मुलीला हे फार आवडलंय, कारण रस्त्यात त्यांच्या गप्पा होतात.

कथक चालू. डोंबिवलीला ट्रेनने, आणि महिन्यातून एकदा, आईशी फोनवर बोलणं वाढवलंय. ती म्हणाली येतेस तेव्हा राहा मग. मिसळ पंधरा दिवसांनी. मधल्या रविवारी घरी करतो, तर्री माझी, फरसाण नवऱ्याचं, सासूबाई म्हणतात मामलेदारच्या मिसळीची सर नाही, आणि ते खरंच आहे.

नाटक ठेवलं. फक्त गाडीने सोडणं-आणणं बंद. त्यांच्या चार मैत्रिणींनी मिळून एक रिक्षा ठरवली, बाल्कनीऐवजी पुढची खुर्ची घेतली कारण जिना चढवत नाही. बाल्कनी स्वस्त होती. पण काकांनी लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं, त्यावर त्यांनीच ठरवलं, महिन्याऐवजी दोन महिन्यांनी, पण खाली बसून.

---

कोपरखैरणे_डबा | १७ एप्रिल, दुपारी १:००

वाचून इतकं बरं वाटलं. तर्रीला तेल कमी पडत असेल तर सुकं खोबरं भाजून वाटा, तवंग चांगला येतो.

---

ट्रान्सहार्बर | ३० एप्रिल, सकाळी ११:१०

काल जाहीर झालंय, एसी लोकलचं तिकीट ५ मेपासून निम्म्यापर्यंत खाली येणार, पहिल्या वर्गाचंही सुट्टं तिकीट. पासाचे दर मात्र आहेत तेच. म्हणजे रोज जाणाऱ्याला काही नाही, कधीतरी जाणाऱ्याला फायदा. मासुंदा, सासूबाईंना सीएसएमटीला कुठे न्यायचं असेल तर उन्हाळ्यात एसी लोकल बघा, गाडीपेक्षा आणि टोलपेक्षा खूप सोपं.

---

रात्रपाळी | ८ मे, रात्री १२:४५

घरचा सिलिंडर काल परत पन्नासने वाढला. ९९९.५०. आई म्हणते हजार कधी होतात ते बघू.

---

हिशेबनीस | २२ मे, सकाळी ९:३०

केंद्राने काल उत्पादन शुल्क पेट्रोलवर आठ आणि डिझेलवर सहा रुपये कमी केलं. आजपासून मुंबईत पेट्रोल १११.३५, डिझेल ९७.२८. व्हॅट शुल्कासकट रकमेवर बसतो, म्हणून आठ कमी झाल्यावर पंपावर नऊच्या वर कमी दिसतात. करावर कर असा उतरतानाही कळतो. उज्ज्वलावाल्यांना सिलिंडरमागे दोनशे रुपये अनुदान, वर्षाला बारा सिलिंडरपर्यंत. बाकीच्यांना सिलिंडर १९ तारखेपासून १००२.५०.

---

कोपरखैरणे_डबा | २२ मे, दुपारी १२:१५

मोठा सिलिंडर १ मेला पुन्हा शंभरने वाढलाय, तो काही उतरला नाही. डब्यामागे पाच रुपये वाढवावे लागले शेवटी. मुलांना आधी आठवडाभर सांगितलं, हिशेब लिहून डब्यात चिठ्ठी टाकली. सत्तावीस डब्यांपैकी दोन बंद झाले, त्यातला एक परत आला. शुक्रवारचं गोड चालू आहे.

---

कळवा_स्टँड | २२ मे, संध्याकाळी ७:४०

पेट्रोल उतरलं, सीएनजी नाही. कळवा ते ऐरोली तीन ठरलेले प्रवासी मिळालेत, सकाळचे. हिशेबनीससाहेब, तुमचं ऐकलं, घरी सांगितलं. बायकोने शेजारच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्यात, ती बारावी शिकलेली आहे. मुलाला बोटीत बसवलं परीक्षेनंतर.

---

मासुंदा | २३ मे, रात्री ९:२०

दादा, वहिनींना माझ्याकडून सांगा, चौथी-पाचवीच्या गणिताचे सरावाचे कागद माझ्याकडे भरपूर आहेत. कळव्याला शाळेतल्या एक बाई राहतात, त्यांच्या हाती पाठवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

नवऱ्याला मी विचारलं, आता नऊ रुपये उतरलंय, गाडी सुरू करायची का परत? तो म्हणाला, जून आला, विटाव्याला पाणी साचायला लागेल, ट्रेनच बरी. माझ्या मते ट्रेनमध्ये त्याला कोणीतरी पत्ते खेळणारे भेटलेत. सिलिंडर हजारावर आहे आणि शाळेच्या बसवाल्याने जूनपासून वाढ कळवली आहे, त्यामुळे उतरलेलं पेट्रोल तिकडे गेलं असं धरून चाललोय. कथक आणि नाटक आहे तसंच.

पातलीपाड्याची मुलगी दुसऱ्या नोकरीत गेली, त्यामुळे मंगळवारच्या गाडीत मागची एक जागा रिकामी आहे. मानपाडा नाक्यावरून सकाळी पावणेआठ, महाप्याला उतरायचं, परतीची वेळ साडेसहा. पेट्रोल समान वाटून. घोडबंदर रोडवरून कोणी असेल तर व्यनि करा.